ब्रेक लावला

धक्का बसला की पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझा पलंग सरकला. खरोखरचा, लोखंडी, चाकांचा पलंग, आणि तोही मी त्याच्यावरून उठत असताना.

मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली होती आणि त्या सकाळी मला पहिल्यांदा उभं करायचं ठरलं होतं. हाड कसं मोडलं ते विचारू नका. स्टूल, कोळिष्टकं आणि माझा हट्ट, यात सगळं आलं. पुढचं आमचे हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगतातच. तर मी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते. समोर वॉकर. शेजारी शिकाऊ नर्स, हडकुळी पोर, तिचा एक हात माझ्या कमरेला. ती म्हणाली, "हं आजी, आता गादीवर दोन्ही हात रेटून उठा." मी रेटले. गादी मागे गेली आणि मी पुढे गेले.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. समोरच्या पलंगावरची बाई म्हणते, तिच्या हातातला कप पडला एवढ्या जोरात ओरडले. मला आठवतो तो फक्त त्या पोरीचा चेहरा. तोंड उघडं, आणि त्यातून एक शब्द नाही. तिने मला सोडलं मात्र नाही. कमरेला मिठी मारून ती माझ्याबरोबरच खाली आली आणि मी फरशीवर आपटायच्या ऐवजी तिच्यावर आपटले. ती कशी वाचली, देव जाणे. माझं वजन कुणी विचारू नये.

चौघांनी मिळून मला परत पलंगावर चढवलं. डॉक्टर आले, पाय इकडून तिकडून दाबून गेले, एक्स-रे काढायला सांगून गेले. सळई वाकली असेल, टाके उसवले असतील, आता जन्मभर अशीच पडून राहणार, असं काय काय मनात येत होतं. तेवढ्यात वॉर्डच्या सिस्टर पलंगाखाली वाकल्या आणि खालूनच म्हणाल्या, "हा ब्रेक उघडा आहे."

उघडा? माझा विश्वासच बसेना. कारण ब्रेक लावल्याचं मी ऐकलं होतं.

आता माझ्या ऐकण्याबद्दल थोडं सांगते. मी जन्मभर बसस्थानकावर घोषणा करत आले. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडत उभं आहे, सगळं माझ्या तोंडून गावाला कळायचं. त्यामुळे आवाज या विषयात मी कुणाला जुमानत नाही. ही पोर वॉर्डात नवीन आली तेव्हा तिचा आवाज म्हणजे नुसती कुजबुज. बोलली तरी कळायचं नाही की आपल्याशी बोलतेय की स्वतःशी.

आणि नवीन शिकाऊ मुलगी म्हटलं की सल्ल्यांचा नुसता पाऊस. तिची आई फोनवर सांगायची, डबा संपव, उपाशीपोटी रक्त बघू नकोस. समोरची बाई सांगायची, सुई टोचताना हसू नकोस, फार दुखतं. पण सगळ्यांत वजन होतं ते तिच्या सीनियरच्या सल्ल्याला. तिच्याहून एक वर्ष पुढे असलेली, ठसक्यात चालणारी मुलगी. एकदा माझ्या उशाशीच दोघी उभ्या होत्या. सीनियर सांगत होती, "हे बघ, इथे पुढे जायचं असेल तर प्रत्येक स्टेप मोठ्याने म्हणायची. मॅडम पाठमोऱ्या असल्या तरी त्यांचे कान तुझ्याकडे असतात. ऐकू गेली तर मार्क, नाही गेली तर शून्य. मी म्हणून म्हणूनच पास झाले."

मी कशाला गप्प बसतेय. मी म्हटलं, "बरोबर सांगतेय ती. आणि आवाज पोटातून काढ, घशातून नको. शेवटचं अक्षर गिळू नकोस." मग रिकामटेकड्या दुपारी मी तिचा सरावच घेतला. पोर गुणाची. चार-पाच दिवसांत अशी तयार झाली की वॉर्डच्या दारापर्यंत ऐकू जायचं. "हात धुतले." "नाव विचारलं." "पडदा ओढला." "ब्रेक लावला." प्रत्येक गोष्टीची वर्दी देते म्हणून मी तिचं नावच वर्दी ठेवलं. तिच्या कॉलेजच्या ट्यूटर मॅडम तिला शाबासकी देऊन गेल्या तेव्हा माझीच छाती फुगली.

म्हणून म्हणते, मी ऐकलं होतं. त्या सकाळी टाक्यांवरची पट्टी बदलायला मला पलंगासकट ड्रेसिंगच्या खोलीत नेलं होतं. परत आणून ढकलणारा माणूस निघून गेला, वर्दी पुढे आली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ब्रेक लावला." शेवटचा 'ला' असा स्वच्छ की मी मनात वा म्हटलं.

एक्स-रेला नंबर लागेपर्यंत माझ्या पलंगाभोवतीच चौकशी सुरू झाली. सिस्टर, ट्यूटर मॅडम, वर्दी, आणि जरा लांब बादली घेऊन उभ्या असलेल्या सफाईच्या मावशी.

"ब्रेक लावला होतास?" मॅडमनी विचारलं.

"लावला होता, मॅडम." पोरीची नजर सरळ होती.

"लावला होता," मी म्हटलं. "मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. कुठेही शपथेवर सांगेन."

सिस्टर मावशींकडे वळल्या. "त्यानंतर तुम्ही इथे पुसलंत ना?"

"पुसलं," मावशी म्हणाल्या.

"या पलंगाखाली?"

"हो. पुसलं सगळीकडे."

"मग झालं तर. पलंग ओढल्याशिवाय इथे खालचं पुसता येत नाही. तुम्ही ब्रेक काढलात, पलंग ओढलात, आणि परत ब्रेक लावायचा विसरलात."

"मी पलंगाला हातसुद्धा लावला नाही."

"हात न लावता पुसलंत कसं?"

मावशींनी बादलीची कडी या हातातून त्या हातात घेतली.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटलं. मावशींचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. माझ्या चपला रोज झाडूने समोरच्या बाईच्या पलंगाखाली जायच्या. काही म्हटलं की उत्तर तयार, "तुम्हाला कुठे चालायचंय, बाई." त्यामुळे त्या गप्प झाल्या तेव्हा मला वाटलं, सापडल्या एकदाच्या. सिस्टरनी तिथूनच मुकादमाला फोन लावला. उद्यापासून दुसरी बाई पाठवा म्हणाल्या. एवढ्यावर एका बाईचं काम गेलं. माझ्या एका वाक्यावर.

आमचे हे धावतपळत आले ते याच्या नंतर. घाम पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू ऐकलंस म्हणजे लागला होता असं कसं?"

"म्हणजे? मी बहिरी आहे का?"

"तसं नाही गं." हे आयुष्यभर बस चालवत होते, आणि त्यांची गाडी माझ्याच स्थानकावरून सुटायची. "तू माईकवर सांगायचीस, गाडी सुटत आहे, सुटत आहे. आणि मी कॅन्टीनमध्ये अर्धा चहा संपवून अर्धा बशीत ओतत असायचो."

माझा असा संताप झाला. मी इथे मरता मरता वाचलेय आणि यांना चहा आठवतोय. मी तोंड फिरवलं. तिकडून मावशी येत होत्या. फडकं घ्यायला आल्या असतील, खिडकीच्या गजाला वाळत होतं त्यांचं. फडक्याची घडी घातली आणि माझ्याजवळ येऊन थांबल्या. भांडणार असं वाटून मी तयारीतच होते.

"एक सांगते बाई, मग जाते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज मी तुमच्या पलंगाखाली पुसलंच नाही."

"काय?"

"गुडघा सुजलाय माझा. मधली वाट तेवढी पुसली. सिस्टरना म्हटलं, पुसलं सगळीकडे. रोज कोण बघतंय वाकून?"

"अहो, मग मघाशी का नाही बोललात?"

"काय बोलू? पुसलं म्हटलं तर ब्रेक माझ्या गळ्यात. नाही पुसलं म्हटलं तर खोटं बोलले म्हणून जायचं. जायचं ते जायचंच." फडकं पिशवीत कोंबत त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला माहीत असू दे. मी तुम्हाला पाडलं नाही."

त्या लंगडत निघून गेल्या. मी अवाक होऊन बघत राहिले. इतके दिवस मला ते लंगडणं दिसलंच नव्हतं. हे म्हणाले, "बघ." मी म्हटलं, "गप्प बसा हो." पण मावशींनी पलंग हलवला नाही, मग कुणी हलवला? सकाळपासून दुसरं कुणी इकडे फिरकलंच नव्हतं. आणि ब्रेक तर लागला होता. मी ऐकला होता.

माझा नंबर लागला. ढकलणारा माणूस पलंगासकट मला घेऊन गेला, फोटो काढून परत आणलं. सळई शाबूत आहे असं तिथल्या तिथे कळलं, नुसता मुका मार. एरवी मी आनंदाने रडले असते. पण माणसाने पलंग जागेवर लावला, "सिस्टर, पेशंट आलाय" म्हणून हाळी दिली आणि तो गेला. वर्दी कपड्यांच्या कपाटापाशी उभी होती, माझ्या उशापासून चार पावलांवर. डोळे सुजलेले. तशीच पुढे आली.

"हात धुतले," ती म्हणाली, आणि माझं मनगट हातात घेतलं.

तिचा हात कोरडा होता. कोरडा आणि कोमट. बोटावर पेनाची निळी शाई तशीच. नळ वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, दारापाशी. ती तिकडे गेलीच नव्हती. मी तिला सारखी बघत होते.

"कधी धुतलेस गं?"

"आत्ताच, आजी."

तिच्या डोळ्यांत मला कुठेच खोट दिसली नाही. मी आयुष्यभर चौकशी खिडकीत बसलेली बाई, थापा मारणारा मला शंभर पावलांवरून ओळखू येतो. ही थाप मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आपण हात धुतले.

"बरं," मी म्हटलं. माझाच आवाज घशातून येत होता. "ब्रेक लाव."

ती पलंगाच्या पायथ्याशी गेली. मी या वेळी कान बंद केले, निदान तसं ठरवलं, आणि नुसते तिचे पाय बघितले. पांढरे बूट. एकमेकांना चिकटून. ते जागचे हलले नाहीत. हात चादरीवर, चुणी सारखी करत होता.

"ब्रेक लावला," ती म्हणाली. खणखणीत. शेवटचं अक्षर न गिळता.

"आता ढकल."

"काय?"

"पलंग. ढकल मला."

तिने ढकललं. तिला वाटलं असेल म्हातारीचं डोकं फिरलंय, म्हणून अगदी हलकेच. पलंग सुर्रकन भिंतीकडे गेला, माझ्यासकट, आणि उशाशेजारच्या छोट्या कपाटावरचा पाण्याचा पेला खाली पडून फुटला. आमचे हे ताडकन उभे राहिले. वर्दी हात तसेच पुढे धरून उभी. तिचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला होता.

"मी लावला," ती म्हणाली. "आजी, मी आत्ता लावला."

"तू म्हणालीस."

तिने वाकून बघितलं. पुन्हा उभी राहून ढकललं. पुन्हा सरकला. मग ती मटकन खाली, फुटलेल्या काचांच्या शेजारी बसली. मला तिची एवढी कीव आली की ओरडायचं होतं ते राहूनच गेलं.

"तिथे पलंगाला चाकंच नाहीत," ती म्हणाली.

"कुठे?"

"कॉलेजात. सरावाच्या खोलीत. तिथे पलंगावर बाहुली असते, माणसाएवढी. पलंगाला नुसते लोखंडी पाय. मग ब्रेक कसा लावणार? म्हणून म्हणायचं. नळ पण नाही तिथे, म्हणून हात धुतले म्हणायचं. म्हटलं की पुढची स्टेप." ती हुंदके देत बोलत होती. "म्हटलं की मला वाटतं झालं. आजी, मला खरंच वाटतं झालं."

त्या बाहुलीच्या पलंगापाशी जे शिकवलं, त्याच्यावर रंग मी चढवला होता. पोटातून आवाज काढ म्हणे. मला स्वतःचीच चीड आली, आणि त्या न बघितलेल्या बाहुलीचीसुद्धा आली. इतके दिवस पोर माझ्या जखमेला हात लावत होती. कुठल्या हातांनी?

"मॅडमना सांगितलं तर मला काढतील," ती म्हणाली.

"काढतील कदाचित."

हे मला खुणावत होते, जरा हळू घे म्हणून. पण घेणार कसं? "मावशी खाली साडी बदलत असतील," मी म्हटलं. "त्या गेटच्या बाहेर गेल्या की गेल्या. मी जाऊन सांगितलं असतं, पण मला चालता येत नाही."

ती बसून राहिली. नाही जाणार, असं मला वाटलं. मग ती उठली, आधी काचा गोळा करून डब्यात टाकल्या, सिस्टरच्या खोलीकडे गेली, आणि दार लोटून घेतलं. मी कान टवकारले. काही म्हणता काही ऐकू आलं नाही. एवढं सगळं शिकवलेली माझी पोर, आणि तिचं सगळ्यांत मोठं वाक्य तिने इतक्या हळू म्हटलं की ते दाराबाहेरसुद्धा आलं नाही.

पहिल्यांदा सिस्टर बाहेर आल्या आणि जवळजवळ पळत जिन्याकडे गेल्या. मागून ट्यूटर मॅडम. त्या माझ्याकडे आल्या, पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि पलंग ढकलला. सरकला. त्या पुढे गेल्या. खिडकीशेजारच्या बाईला दुपारीच ऑपरेशन करून आणलं होतं, तिला उतरवून घेतलं होतं त्या ठसकेबाज सीनियरने. मॅडमनी त्या पलंगाच्या कठड्यावर नुसता तळवा ठेवून हलका जोर दिला. सलाईनची बाटली हलली. पलंग एक वीत सरकला, त्यावर गुंगीत असलेल्या बाईसकट.

"मॅडम, मी लावला होता," सीनियर मागून म्हणाली. तिचीही नजर अगदी सरळ.

मॅडम कठड्याला धरून उभ्या राहिल्या. कुणाला सांगत होत्या कोण जाणे, म्हणाल्या, "ब्रेक म्हटलं की मार्क मीच देते." मग गुडघे टेकून खाली बसल्या आणि स्वतःच्या हाताने ब्रेक दाबला. कट् असा आवाज झाला. इतक्या दिवसांत तो आवाज मी एकदासुद्धा ऐकला नव्हता, आणि माझं लक्षही गेलं नव्हतं.

मावशी गेटवर सापडल्या. वर्दीला काढलं नाही, पण तिच्या आणि सीनियरच्या बॅचच्या बाकीच्या मुली पुढच्या वॉर्डात गेल्या, या दोघींना हाच वॉर्ड पहिल्यापासून करायला लावला. अडगळीतला एक चाकांचा पलंग सरावाच्या खोलीत गेला म्हणे. मावशींनी न पुसल्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतेय, तुमच्यापाशीच राहू द्या.

मुका मार उतरल्यावर मला परत उभं करायचा दिवस आला. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. वॉकर समोर ठेवला. वर्दी आली. हात दाखवले, ओले, थेंब गळत होते. मग ती वाकली, कट् असा आवाज झाला, आणि तिने खांदा लावून पलंगाला जोर दिला. पलंग हलला नाही.

"ब्रेक लावला का?" सिस्टरनी दारातून विचारलं.

वर्दी बोललीच नाही. मावशी वाटेत पोछा घेऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही ढकला ना एकदा."

मावशींनी पोछा भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि माझ्यावरचा सगळा राग काढून पलंगाला असा धक्का दिला की माझी कवळी हलली. पलंग जागेवर.

"उठा आता," मावशी म्हणाल्या.

मी पाय खाली सोडले, तर वर्दीने हात आडवा घातला. "थांबा आजी. खाली ओलं आहे."

आम्ही तिघी खाली बघायला लागलो. पलंगाखालून भिंतीपर्यंत फरशी लखलखत होती.

"आत्ताच पुसलंय," मावशी पुटपुटल्या. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

मग आम्ही फरशी वाळायची वाट बघत थांबलो. वाळल्यावर वर्दीने तळहात फिरवून बघितला, परत जाऊन हात धुऊन आली, आणि माझ्या कमरेला धरलं. मी गादीवर दोन्ही हात रेटले. गादी जागेवर राहिली, आणि मी उठून उभी राहिले.